पोलिसी खाक्या दाखवताच

सोलापुरातल्या एका दैनिकात मी एकोणीस वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो. गुन्ह्यांचं पान माझ्याकडे. साडेनऊ-दहाच्या सुमारास प्रेसनोट यायची, सोबत एक फोटो. मधोमध तोंडावर काळा बुरखा घातलेला माणूस, मागं ओळीनं अधिकारी आणि कर्मचारी, पुढच्या टेबलावर कोयता नाहीतर मोबाइल. फोटोओळीत साहेबांची नावं डावीकडून नीट द्यायची, एकही गाळायचं नाही, नाहीतर सकाळी फोन ठरलेला. बातमी लिहायला दहा मिनिटं पुरायची, कारण वाक्यं तयार असायची. 'गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली.' 'सापळा रचून ताब्यात घेतले.' 'सुरुवातीला त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. मात्र पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली दिली.'

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा छापलं याची मोजदाद नाही. कंटाळा आला की 'चौदावे रत्न दाखवताच' करायचो, किंवा 'पोपटासारखा बोलू लागला'. वाचकांना ते आवडायचं. चहाच्या गाड्यावर पेपर वाचणारा माणूस या ओळीशी आला की समाधानानं मान हलवायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नोकरी सुटल्यावर एका वकील स्नेह्यानं मला भारतीय न्याय संहितेचं कलम १२० वाचायला दिलं. कबुली काढण्यासाठी कुणाला दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत. नवीन काही नाही. जुन्या दंड संहितेत ३३० आणि ३३१ या कलमांखाली इंग्रजांच्या काळापासून हेच लिहिलेलं होतं. म्हणजे मी रोज रात्री एका दखलपात्र गुन्ह्याची बातमी छापत होतो. करणाऱ्यांच्या नावांसह, फोटोसह, डावीकडून. फक्त त्या वाक्यातला आरोपी भलताच माणूस आहे असं मी समजत होतो, आणि माझे वाचकही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की खुनाच्या तपासात चटकन मिळालेली कबुली ही अभिमानाची गोष्ट नाही, ती संशयाची गोष्ट आहे. आणि ती तशी न वाटण्याची सवय पोलिसांइतकीच आपल्याला, पेपर छापणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना लागलेली आहे.

कायद्याला ती सवय नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते २३ व्या कलमात आलं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या सरकारनं हे लिहिलं, ते सरकार काही एतद्देशीयांच्या प्रेमात नव्हतं. त्यांनी आपल्याच पोलिसांना ओळखलं होतं, इतकंच. ही गोष्ट आपल्याकडे शिकलेल्या माणसालाही माहीत नसते. 'अहो, कबूल केलंय ना त्यानं, मग खटला कशाला चालवतात?' हा प्रश्न मला बँकेतल्या माणसानं विचारलाय, प्राध्यापकानं विचारलाय.

मग कोर्टात जी चालत नाही ती कबुली काढण्यासाठी एवढी मेहनत का? कारण कायद्यानं बांधलेल्या या भिंतीला एक खिडकी ठेवलेली आहे. जुनं कलम २७, आता २३ व्या कलमाचंच परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून काही वस्तू वा गोष्ट सापडली, तर त्या माहितीचा त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढा तुकडा पुराव्यात घेता येतो. १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात याची हद्द आखून दिली. 'घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो' एवढं चालेल. 'ज्यानं मी अमक्याला भोसकलं' हे चालणार नाही. छपरातला सुरा त्याला माहीत होता, एवढंच सिद्ध होतं. खून त्यानं केला हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

पुस्तकात ही खिडकी अरुंद आहे. ठाण्यात ती गाडी जाईल एवढी रुंद होते. आपल्याकडच्या खुनाच्या दोषारोपपत्रात मेमोरँडम पंचनामा आणि त्याला जोडून जप्ती पंचनामा नाही, असं क्वचितच आढळतं. आरोपीनं दोन पंचांसमक्ष सांगितलं, मग तो पुढं, पंच आणि पोलीस मागं, असे सगळे जीपमधून निघाले, त्यानं झुडपात हात घातला, कोयता निघाला. पंच कोण? ठाण्यासमोरचा टपरीवाला, किंवा ज्याचं ठाण्यात दुसरं काही काम अडलेलं आहे असा. दोन-तीन वर्षांनी कोर्टात उभा राहिल्यावर तो म्हणतो, मला कोऱ्या कागदावर सही करायला लावली होती. तो 'फितूर' ठरतो. आम्ही 'पंच फितूर' असा मथळा देत होतो. त्यानं आधी खोटं सांगितलं की नंतर, हा प्रश्न मथळ्यात मावत नाही.

या पंचनाम्याची भाषा एकदा मुद्दाम वाचून बघा. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता निवेदन करतो की, सदर गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी लपवून ठेवलेले असून ते मी समक्ष चालून काढून देतो, माझ्यासोबत चला.' अशी मराठी सोलापुरात कुणी बोलतं का? आणि हे तर मराठी बोलणाऱ्याचं झालं. आपलं शहर तीन-चार भाषांत जगतं. पूर्वभागात यंत्रमागावर उभा राहणारा पद्मशाली माणूस घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडचा कन्नड, बऱ्याच पेठांतून दखनी ऐकू येते. बाजारात सगळे मराठी बोलतात, पण ती बाजाराची मराठी. 'भाव काय', 'बीम भरला का', 'पगार कधी' इथपर्यंतची. त्या माणसाच्या तोंडी 'सदर', 'समक्ष', 'राजीखुशीने' घातलं जातं आणि खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं लिहून सही घेतली जाते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकाहून अधिक निकालांत हेच बजावलं, की आरोपी जे बोलला ते नेमक्या त्याच्या शब्दांत पंचांसमोर नोंदवलं गेलं पाहिजे, आधी ठाण्यात कबुली उरकून पंचांना नंतर फिरायला न्यायचं नाही. तेलुगू बोलणाऱ्या माणसाचे 'नेमके शब्द' मराठीत कसे असतील, हे मात्र ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

आता वाचकाच्या मनातला खरा प्रश्न. मार पडला म्हणून काय झालं, न केलेला खून कुणी कबूल करेल का? फासावर जायची पाळी येईल हे कळत नाही का त्याला?

कळतं. पण फास दोन-तीन वर्षं लांब असतो आणि पट्टा समोर असतो. माणूस त्या क्षणी फक्त हे थांबावं एवढंच मागत असतो. कोर्टात खरं सांगू, जज्जसाहेब ऐकतील, अशी त्याची भाबडी खात्री असते. निर्दोष माणसाची ती जास्तच असते. दरवेळी पट्टाही लागत नाही. झोपू न देणं पुरतं. 'बायकोला आणून बसवू का इथं?' एवढं पुरतं. आदल्या रात्री दारू प्यायलेला असेल तर त्याला स्वतःचीच खात्री नसते. दहा वेळा सांगितलं की अकराव्या वेळी त्याला वाटायला लागतं, केलंही असेल. आणि कबुलीत खुनाचे इतके बारकावे कुठून येतात? विचारणाऱ्यांच्या प्रश्नांतूनच येतात. 'कोयता विहिरीत टाकलास की झुडपात?' या प्रश्नात उत्तर ठेवलेलंच असतं.

जपानमधलं एक प्रकरण आहे. १९६६ मध्ये एका कुटुंबाच्या खुनात कारखान्यातला एक कामगार, पूर्वी मुष्टियोद्धा असलेला, पकडला गेला. सुमारे वीस दिवस, दिवसाला दहा-बारा तास चौकशी झाली आणि त्यानं कबुली दिली. कोर्टात तो म्हणाला, मी केलेलं नाही. १९६८ मध्ये फाशी सुनावली गेली. पुराव्यात रक्ताचे कपडे होते, जे खुनानंतर वर्षभरानं मिसोच्या टाकीत 'सापडले' होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्याला निर्दोष ठरवताना कोर्टानं म्हटलं की ते कपडे तपास यंत्रणेनंच तयार केले होते. मुष्टियोद्धा होता हो तो. मार खाण्याची सवय असलेला माणूस.

जपान लांब वाटत असेल तर गुरुग्राम घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या शाळेत सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला गेला. काही तासांत बसचा वाहक पकडला गेला आणि त्यानं कॅमेऱ्यासमोरसुद्धा कबुली दिली. देशानं ती पाहिली. पाहिल्यावर कुणाला काही शंका उरली होती का? दोन महिन्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागानं त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत वाहक आरोपातून मोकळा झाला. प्रकरण तापलं आणि तपास दुसऱ्या यंत्रणेकडे गेला म्हणून. तसं झालं नसतं तर तो आज जन्मठेप भोगत असता आणि आपण म्हटलं असतं, कबूल केलंय ना त्यानं.

शेजारच्या कर्नाटकातलं कोडगूचं प्रकरण तर ऐकून हसावं की रडावं कळत नाही. बायको हरवली म्हणून तक्रार द्यायला गेलेला एक आदिवासी नवरा तिच्याच खुनाचा आरोपी झाला. कुठंतरी सापडलेला सांगाडा तिचा म्हणून दाखवला गेला. डीएनए जुळला नाही, तरी खटला चालूच. तो दीडएक वर्ष तुरुंगात काढून जामिनावर आला. एप्रिल २०२५ मध्ये ती बायको मडिकेरीच्या एका हॉटेलात जेवताना त्याच्या ओळखीच्यांना दिसली.

अमेरिकेत १९८९ पासून २०२० पर्यंत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या पावणेचारशे प्रकरणांपैकी २९ टक्क्यांत खोटी कबुली होती. आपल्याकडे असा आकडा काढायला मुळात घटनास्थळावरचा नमुना वीस वर्षं जपून ठेवलेला असावा लागतो.

आपल्या राज्यातले दोन निकाल मात्र प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असायला हवेत. पहिला मार्च २०१९ चा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००३ च्या एका दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात शिक्षा झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयानं फेरविचार करून सगळ्यांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. काय निघालं? वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळीच चार माणसं ओळखून दाखवली होती. ती चार माणसं पुढं कधी आरोपी झाली नाहीत, आणि हा कागद इतकी वर्षं बाजूला पडून राहिला. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं आणि नोंदवलं की हे आरोपी अत्यंत गरीब, भटके मजूर आहेत, त्यांना गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

दुसरा निकाल २१ जुलै २०२५ चा. २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. १२ जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशी. उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. या खटल्याचा कणा होता मोक्काखालच्या कबुल्या. १९९९ च्या या राज्य कायद्यानं अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरली, म्हणजे १८७२ साली बांधलेली भिंत आपण आपल्या हातानं पाडली. उच्च न्यायालयाला दिसलं काय, तर वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले उतारेच्या उतारे जुळत होते, आणि छळाच्या आरोपाला वैद्यकीय कागदांचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयानं लगेच या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलं नाही. तो वाद तिथं चालायचा तसा चालेल. पण स्फोटात ज्यांचं माणूस गेलं त्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं, हा विचार मला सोडत नाही. खोटी कबुली फक्त आरोपीला बुडवते असं नाही. खरा मारेकरी ज्या दिवशी 'छडा लागला' म्हणून बातमी वाचतो, त्या दिवशी तो सुटतो. त्याला कुणी शोधत नाही.

कोण उचललं जातं? 'रेकॉर्डवरचा' माणूस. सोलापुरात या शब्दाला इतिहास आहे. 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला आजही न विचारता नेऊन सोडतो, पण नाव कशावरून पडलं ते नव्या पिढीला सांगावं लागतं. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवायला वसाहती काढल्या; आपल्या गिरण्यांना त्यातून मजूर मिळाले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक विमुक्त झाले. कुंपण गेलं. पण चोरी असो की खून, रात्री गाडी कुठल्या वस्तीकडे आधी वळते, हे त्या वस्तीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

आणि याच शहरात आपण दर १२ जानेवारीला काय करतो? चार पुतळ्यांना हार घालतो. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी झाली. कशासाठी? सरकारी कागदानुसार खुनासाठी. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळली, पोलीस मारले गेले, मार्शल लॉ आला. कुणाला तरी फासावर चढवायचं होतं. जमावातून नेमकी हीच चार माणसं साक्षीदारांना ओळखू आली. चौघं चार समाजांतले, चौघंही चळवळीत पुढं असणारे, त्यातले कुर्बान हुसेन तर आमच्याच धंद्यातले, पत्र चालवणारे. खटला झाला, साक्षी झाल्या, अपील झालं, सगळं रीतसर झालं. सोलापूरनं तो निकाल एक दिवसही मानला नाही. शहरानं त्यांच्या नावानं चौक केला, नाट्यगृह बांधलं, पुण्याला जाणारी गाडी त्यांच्या नावानं धावते. 'हुतात्मानं आलो', 'हुतात्मा लेट आहे' असं आपण रोज म्हणतो. कोर्टानं खुनी ठरवलेल्या चार माणसांच्या नावाच्या गाडीत बसून पेपर उघडतो, आणि आतल्या पानावर 'पोलिसी खाक्या दाखवताच' वाचून मान हलवतो.

तेव्हाचं सरकार परकं होतं, आताचं आपलं आहे, हे उत्तर मला मिळालेलं आहे, कबूल. पण पट्ट्याला स्वदेशी-परदेशी कळत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या सांगलीत लुटीच्या गुन्ह्यातला तरुण कोठडीत मारहाणीनं मेला आणि त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला गेला. पोलिसांनीच.

पोलिसांची बाजू मी एकोणीस वर्षं जवळून पाहिली आहे, त्यामुळे ती उडवून लावणार नाही. डीबी पथकातली, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातली पोरं गणपती, गड्ड्याची जत्रा, मोर्चे, बंदोबस्त यांतून उरलेल्या वेळात तपास करतात. खून झाला की तिसऱ्या तासाला वरून फोन: काय झालं? आमदारांचा फोन, पेपरवाल्यांचा फोन. त्यात मीही असायचो. साक्षीदार पुढं येत नाही, आला तर कोर्टात टिकत नाही. रासायनिक तपासणीचा सीए रिपोर्ट महिनोन्महिने येत नाही, आणि आला की त्यात कोयत्यावरचा रक्तगट ओ, मयताचा ओ, आरोपीचाही ओ. अशा वेळी 'कडक विचारपूस' नाही केली तर खुनी मोकळे फिरतील, असं एक अधिकारी मला म्हणाले होते. माणूस सरळ होता. त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज म्हणेन, साहेब, मोकळे फिरतायतच की. कडक विचारपुशीनं खुनी सापडतो असं नाही, बोलणारा सापडतो. आणि ज्या तपासात तीन दिवसांत कबुली मिळते, त्यात चौथ्या दिवसापासून कुणी दुसरीकडे बघत नाही. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा पुसला जातो, मोबाइलचा तपशील मागवायचा राहतो, कारण माणूस तर आत आहे.

तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायला हवं असं म्हटलं, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. चांगलं आहे. पण तो व्हिडिओ सुरू होतो आरोपी 'राजीखुशीने' बोलायला लागल्यावर. त्याआधीच्या दोन रात्री कुठं आहेत? इंग्लंडमध्ये १९७२ च्या एका खुनात तीन पोरांनी, त्यातला एक मतिमंद, खोटी कबुली दिली. तीन वर्षांनी शिक्षा रद्द झाली, चौकशी समिती बसली, आणि त्यातून निघालेल्या १९८४ च्या कायद्यानं पोलिसांची अख्खी विचारपूस ध्वनिमुद्रित करायची पद्धत आणली. अख्खी, हा शब्द महत्त्वाचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, विचारपुशीच्या खोलीसकट, कॅमेरे लावायला आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर ठेवायला सांगितलं. माझी मागणी साधी आहे: खुनाच्या प्रत्येक दोषारोपपत्रासोबत ते चित्रण जोडा. कॅमेरा बंद होता म्हणालात, तर त्या दिवसांतला मेमोरँडम बाद. एवढं केलंत तरी कॅमेरे आपोआप दुरुस्त होतील.

आणि वकील पहिल्या रात्री हवा, रिमांडच्या सकाळी नव्हे. रिमांड काय असतं ते एकदा जिल्हा न्यायालयात जाऊन बघाच, दार उघडं असतं. दोन हवालदारांमध्ये माणूस उभा. न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' तो आधी हवालदाराकडे बघतो. मग 'नाही' म्हणतो. मी एकदा घड्याळ लावलं होतं, कोठडीचा आदेश होऊन पुढचा पुकारा व्हायला चार मिनिटंही लागली नाहीत. तक्रार आहे म्हणाला असता तर रात्री परत कुठं जायचं होतं त्याला? पूर्वी पहिले पंधरा दिवस सरले की पोलीस कोठडीची भीती तरी संपायची. आता ते पंधरा दिवस खुनासारख्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात.

सुटलेल्याचं काय, याला आपल्याकडे कायदाच नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात खोट्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईचा हक्क द्या, अशी शिफारस केली. ती तशीच पडून आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातले शेकडा ७६ कच्चे कैदी. त्यातला जो निर्दोष सुटेल त्याला दारात त्याचे कपडे परत मिळतात.

असा एक माणूस माझ्या वाट्याला आला होता, म्हणून हे सगळं. तो स्वतः नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. पूर्वभागातला, लूमवर काम करणारा. संध्याकाळी ऑफिसात आला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत निकालाची प्रत. त्याच्या अण्णाला सोबतच्या कामगाराच्या खुनात धरलं होतं, रविवारी नेलं आणि अटक मंगळवारी दाखवली. साडेतीन वर्षं आत होता. जप्तीचे पंच खोटे ठरले, आणि ज्या वेळेला खून झाला त्या वेळेला तो दुसऱ्या कारखान्यात पाळीवर होता, हे तिथल्या हजेरीपटावरून निघालं. हजेरीपट पहिल्या दिवसापासून तिथंच होता. भावानं पिशवीतून दुसरं एक कात्रण काढलं. माझंच पान. तीन कॉलम, फोटो, बुरखा, 'अवघ्या ४८ तासांत छडा', आणि ते वाक्य.

'साहेब, सुटल्याचं पण छापा की ओ,' तो म्हणाला. 'अण्णाच्या पोरीचं लग्न ठरंना.'

बातमी शिळी होती, निकाल लागून महिना झालेला. मी वरिष्ठांशी बोललो आणि आतल्या पानावर एका कॉलमात चार ओळी मिळवल्या. मथळा सवयीनं दिला: 'खून प्रकरणातील आरोपीची सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. दुसऱ्या दिवशी तो अंक घ्यायला आला. उभ्या-उभ्या बोट ठेवून वाचलं.

'अभावी म्हणजे काय, साहेब?'

'नसल्यामुळे,' मी म्हणालो.

त्यानं परत वाचलं. 'म्हणजे केलं यानंच, पण पुरावा नाही घावला. असंच वाचतील ना लोक?'

मी म्हणालो, तसं नाही, कोर्टाची भाषाच तशी असते. निकालात ते शब्द नव्हते; ते आमचे होते. त्यानं चार अंक विकत घेतले, पैसे घेऊ नका म्हटलं तरी काउंटरवर ठेवले. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची पद्धत होती, पण ती नावात किंवा आकड्यात चूक झाली तर.